समुद्राचं विरजण

टाकीतलं पाणी इतकं नितळ होतं की पलीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा त्यातून सहज वाचता येत होत्या. आणि त्या नितळ पाण्यात झेंडू धापा टाकत होता.

झेंडू म्हणजे मैथिलीचा विदूषक मासा, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. एरवी सकाळी ती समोर आली की तो काचेपाशी येऊन शेपटी हलवत उभा राहायचा. आज तो वरच्या थरात तिरपा तरंगत होता आणि त्याचे कल्ले (मासा पाण्यातून श्वास घेतो तो अवयव) भराभर उघडमीट करत होते.

खाली जांभळीचंही काही बरं दिसत नव्हतं. जांभळी ही प्रवाळाची फांदी. प्रवाळ दिसतात झाडासारखे, पण असतात प्राणी. टाचणीच्या डोक्याएवढे शेकडो जीव एकमेकांना चिकटून राहतात, चुन्याचं घर बांधतात आणि केसासारखे बारीक हात बाहेर काढून पाण्यातलं खाणं पकडतात. आज जांभळीनं सगळे हात आत ओढून घेतले होते. एका टोकाला तिचा रंगही फिका पडला होता.

मैथिलीनं काचेवर टकटक केलं. "कुर्ली, काय झालंय यांना?"

कुर्ली टाकीतच राहायची. ती तळहाताएवढी, खेकड्याच्या आकाराची यंत्रमानव होती. काच पुसणं आणि पाणी मोजणं ही तिची कामं. कोपऱ्यातून दोन पावलं तिरपी चालत ती पुढे आली आणि टाकीवरच्या छोट्या स्पीकरमधून तिचा शांत आवाज आला.

"तापमान बरोबर. खारटपणा बरोबर. सामू बरोबर. क्षारता बरोबर. पाचवं वाचन उपलब्ध नाही."

हे वाक्य मैथिली रोज सकाळी ऐकत होती. सामू म्हणजे पाणी आंबट बाजूला झुकलंय की साबणासारख्या बाजूला, ते सांगणारा आकडा. क्षारता म्हणजे प्रवाळ ज्यातून आपलं घर बांधतात त्या विरघळलेल्या कार्बोनेटचं प्रमाण. दोन्ही जागच्या जागी होते. पाणी स्वच्छ होतं, थंड करणारं यंत्र घरघरत होतं, पंप चालू होता. मग बिघडलं काय?

ही गोष्ट आहे २०५४ सालच्या उन्हाळ्यातली. त्या काळी लक्षद्वीपच्या समुद्राचं पाणी उन्हाळ्यात इतकं तापायचं की प्रवाळ पांढरे पडून मरायचे. म्हणून उन्हाळ्याच्या आधी त्यांच्या काही फांद्या कापून देशभरातल्या घरांमध्ये सांभाळायला देत. अशा घरांना 'प्रवाळ-पालक' म्हणत. पावसाळा सरला आणि समुद्र निवला की फांद्या परत नेऊन लावायच्या. जांभळी अशीच पाहुणी होऊन अकोल्याला आली होती. बाहेर सेहेचाळीस अंश ऊन आणि घरात चार बादल्यांचा समुद्र. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेजारच्यांना ही थट्टाच वाटली होती.

टाकी खरं तर आबाजींची. आबाजी म्हणजे मैथिलीच्या आईचे वडील, डॉ. यशवंत खंडारे. ते सागरी रसायनशास्त्रज्ञ होते. समुद्राच्या पाण्यात काय काय विरघळलेलं असतं याचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. जांभळीसारख्या फांद्या परत कुठे लावायच्या, त्या जागा पाहायला ते बोटीनं लक्षद्वीपला गेले होते. जाताना त्यांनी टाकी मैथिलीच्या हवाली केली. ती अकरा वर्षांची होती आणि एवढी मोठी जबाबदारी तिला पहिल्यांदाच मिळाली होती.

निघण्याआधी त्यांनी तिला सगळं शिकवलं होतं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जायचं, तेव्हा वरून गोडं पाणी घालायचं, हे ऐकून ती बुचकळ्यात पडली होती.

"समुद्राच्या टाकीत गोडं पाणी?"

"मिठागरात काय होतं? पाण्याची वाफ होते. मीठ उडून जातं का?"

"नाही. मीठ खालीच राहतं."

"मग आपल्या टाकीतलं मीठही खालीच राहिलं. उडालं ते फक्त पाणी. तेवढंच परत द्यायचं. खारं घातलंस तर रोज थोडं थोडं मीठ वाढत जाईल आणि झेंडूचं लोणचं होईल."

मैथिली ते कधीच विसरली नव्हती. म्हणूनच आज तिला जास्त भीती वाटत होती. जे जे सांगितलं होतं ते ते केलं, आणि तरी हे झालं. आई कामावर गेली होती. तिनं आबाजींना फोन लावला.

पडद्यावर आधी नुसतं निळं पाणी दिसलं, मग टोपी, मग टोपीखालचे आबाजी. वाऱ्यानं त्यांची पांढरी दाढी एका बाजूला झाली होती. मैथिलीनं फोन टाकीसमोर धरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"खाणं किती घालतेस?"

"चिमूटभर. म्हणजे... दोन-तीन चिमटी. तो मागतो हो आबाजी. मी समोर गेले की असा बघतो."

"तो जन्मभर तसाच बघणार आहे," आबाजी म्हणाले. "बरं. खाण्याशिवाय आणखी काय बदललं? आठव. सावकाश आठव."

"काहीच नाही. उलट मी तर सगळं चकाचक केलं. मागचा कप्पासुद्धा."

"मागचा कप्पा?"

टाकीच्या मागच्या बाजूला एक अरुंद कप्पा होता. पंप टाकीतलं पाणी त्यातून फिरवून पुन्हा पुढे आणायचा. पालकांच्या टाकीत प्रवाळ उचलायला सोपे जावेत म्हणून पुढच्या भागात दगड ठेवत नसत. सगळे सच्छिद्र दगड (बारीक भोकंभोकं असलेले) त्या मागच्या कप्प्यात रचलेले असत.

"किती घाण होती तिथे," मैथिली उत्साहानं सांगू लागली. "दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर. तुम्ही येण्याआधी सगळं साफ करून ठेवायचं होतं मला. मग मी ते नळाखाली धुतले, ब्रशनं घासले आणि गच्चीवर उन्हात वाळवले. अगदी पांढरेशुभ्र झालेत. परवा परत लावले."

पलीकडे आबाजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मैथिलीला आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळेना.

"नळाखाली म्हणजे नळाचंच पाणी? जंतू मारायला क्लोरीन घालतात ते?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"बरं. माझ्या कपाटात खालच्या खणात एक डबी आहे. त्यात काचेची नळी आणि दोन बाटल्या असतील. आण."

मैथिलीनं डबी आणली. आबाजी सांगत गेले तसं तिनं नळीत टाकीतलं पाणी घेतलं, दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले, बूच लावून हलवलं आणि वाट पाहिली.

"पाणी चांगलं असेल तर ते पिवळं राहील, लिंबाच्या सरबतासारखं," आबाजी म्हणाले.

पाणी पिवळं राहिलं नाही. ते हिरवं होत गेलं आणि शेवटी कच्च्या कैरीच्या सालीसारखं झालं.

"हे पाचवं वाचन," आबाजी म्हणाले. "अमोनिया. कुर्लीची अमोनिया मोजायची पट्टी झिजली होती. नवीन मागवली, पण ती यायच्या आत मला निघावं लागलं. ती चुकी माझी."

मैथिलीनं कुर्लीकडे पाहिलं. "मग तू 'उपलब्ध नाही' का म्हणत राहिलीस? धोका आहे असं का नाही सांगितलंस?"

"धोका आहे की नाही, मला माहीत नव्हतं," कुर्ली म्हणाली. "मी मोजलं नव्हतं."

आबाजींनी आता फोन कुठेतरी टेकवून ठेवला आणि ते नीट बसले. "हे बघ, झेंडू खातो, शी-शू करतो. उरलेलं खाणं कुजतं. त्यातून अमोनिया तयार होतो. तिखट वासाचा, विषारी. पाण्यात विरघळला की तो दिसत नाही. म्हणून पाणी नितळ आहे आणि तरी झेंडूचे कल्ले जळजळताहेत. खऱ्या समुद्रात एवढं प्रचंड पाणी असतं की त्यात तो पातळ होऊन जातो. आपल्या टाकीत जाईल कुठे?"

"मग इतके दिवस कुठे जात होता?"

"तोच खरा प्रश्न. आता मला सांग, आई दही कसं लावते?"

मैथिलीला वाटलं, आबाजी विषय बदलताहेत. "दूध कोमट करते आणि आदल्या दह्याचा चमचा घालते. विरजण."

"त्या चमच्यात काय असतं?"

"जिवाणू." हे तिला शाळेत शिकवलं होतं. जिवाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, एकाच पेशीचे जीव.

"समज एक दिवस घरातलं दह्याचं भांडं कुणी घासून-पुसून उन्हात ठेवलं आणि विरजण राहिलंच नाही. मग?"

"मग दूध नुसतंच राहील. नासून जाईल. शेजारून विरजण आणावं लागेल." बोलता बोलता मैथिली थांबली. गच्चीवर वाळत घातलेले पांढरेशुभ्र दगड तिच्या डोळ्यांसमोर आले. "आबाजी, तो बुळबुळीत थर..."

"हं. त्या भोकांमध्ये दोन जातींचे जिवाणू राहत होते. एक जात अमोनिया खाते आणि त्याचं नायट्राइट करते. तेही विषारीच. मग दुसरी जात ते नायट्राइट खाते आणि त्याचं नायट्रेट करते. ते फारसं त्रास देत नाही, आणि आपण मधून मधून थोडं पाणी बदलतो तेव्हा बाहेर जातं. नवी टाकी लावली की हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. म्हणून मी टाकी आधी महिनाभर नुसतीच चालवत होतो. आठवतं? तू रोज विचारायचीस, मासा कधी येणार."

मैथिलीनं मागच्या कप्प्याकडे पाहिलं. "मी त्यांना मारलं."

"तू घर साफ केलंस. ते दगड धुवायचे नसतात, धुतले तर टाकीतून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच हलके विसळायचे, हे मी तुला सांगायला हवं होतं. ते पुढचं पुढे. आत्ता झेंडूला श्वास घेता आला पाहिजे. ड्रममध्ये तयार पाणी आहे ना?"

गाळलेल्या शुद्ध पाण्यात समुद्री मीठ कालवून भरलेला एक ड्रम स्वयंपाकघराच्या दाराआड कायम तयार असायचा. त्यात छोटा पंप पाणी ढवळत राहायचा.

"सगळं पाणी बदलू?"

"नको. आजारी माणसाला एकदम गारठ्यात ढकलावं तसं होईल ते. तिसरा हिस्सा बदल. आधी कुर्लीला ड्रममध्ये सोड आणि तापमान, खारटपणा जुळतोय का बघ. संध्याकाळी थेंब टाकून पुन्हा मोज, उद्या पुन्हा बदल. आणि खाणं बंद."

"उपाशी ठेवू?"

"दोन-तीन दिवसांच्या उपासानं मासा मरत नाही. पाण्यात खाणं पडलं की अमोनिया वाढतो."

"आणि विरजण?"

आबाजींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. "आपल्या भागातल्या त्या उंच पाण्याच्या टाकीमागे तायडेकाकू राहतात. त्यांच्याकडे माग. पण जपून बोल. गेल्या वर्षी त्यांच्याकडचं प्रवाळ मेलं, तेव्हापासून त्या कुणाशी त्याबद्दल बोलत नाहीत."

मैथिलीनं नळी लावून टाकीतलं पाणी बादलीत काढलं. कुर्लीनं ड्रममधून "जुळतंय" असं सांगितल्यावर मगानं हळूहळू नवीन पाणी सोडलं. हात खांद्यापर्यंत खारट झाले. झेंडूचे कल्ले थोडे मंदावल्यासारखे वाटले, पण तो अजून वरच होता. मग तिनं आईला फोन करून विचारलं, झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि उन्हात निघाली.

दार उघडणाऱ्या बाई उंच होत्या आणि त्यांनी भुवया उंचावून पाहिलं. "कोण गं तू?"

काय काय बोलायचं ते मैथिलीनं वाटेत ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. "मी खंडारेंची नात. माझा मासा मरतोय," एवढं म्हणून ती रडायला लागली.

"अगं, काहून रडून राहिली? आत ये आधी. उन्हात उभी नको राहू." तायडेकाकूंनी तिला पंख्याखाली बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. दगड घासून गच्चीवर वाळवल्याचं सांगताना मैथिली खाली बघत होती. ऐकून झाल्यावर काकूंनी आतल्या खोलीचा पडदा सरकवला.

तिथे एक टाकी होती. पुढच्या भागात प्रवाळ ठेवायची जाळी रिकामी होती. तिच्याभोवती एकच छोटा निळा मासा फिरत होता.

"मी लेकीकडे गेली होती बाळंतपणाले," काकू म्हणाल्या. "इकडे थंड करायची मशीन बंद पडली. आली तर सगळं पांढरं. पुन्हा प्रवाळ घ्यायची हिंमत नाही झाली. पण टाकीही मोडवली नाही. या एका माशाले खाऊ घालते, पाणी बदलते. लोक म्हणतात, काय करता रिकाम्या टाकीचं?"

मैथिली टाकीच्या मागे गेली. तिथल्या कप्प्यात तपकिरी, बुळबुळीत दगड रचलेले होते. चार दिवसांपूर्वी तिला त्यांची किळस आली असती. आता तिला ते पाहून हायसं वाटलं.

"काकू, ही टाकी रिकामी नाहीये. एका माशाचा अमोनिया खाऊन हे सगळे जिवंत राहिलेत."

काकूंनी दगडांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि दोन मोठे दगड उचलून टाकीतल्याच पाण्यासकट डब्यात ठेवले. "अर्धे घेऊन जा. अर्धे राहू दे, माह्या माशालेही लागतील." डब्याला ओला टॉवेल गुंडाळून त्यांनी तो स्वतःच्या कडेवर घेतला. "चल. तुले एवढं वजन झेपायचं नाही. आणि ऊन लागलं तर पुन्हा तेच."

घरी आल्यावर दोघींनी मिळून दगड मागच्या कप्प्यात बसवले आणि पंप जागेवर लावला. पांढरेशुभ्र दगडही तिथेच राहू दिले. जिवाणू हळूहळू त्यांच्यावरही पसरतील, असं आबाजींनी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी थेंब टाकले तेव्हा नळीतलं पाणी हिरवंच होतं, पण पोपटी. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा बदललं. काकू रोज दुपारी यायला लागल्या. झेंडूचं वरच्या थरात धापा टाकणं थांबलं आणि तो मधल्या थरात पोहू लागला. एका सकाळी नळीतलं पाणी पिवळं राहिलं. मैथिलीला खात्री वाटेना, म्हणून तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा पिवळं. तिनं झेंडूला एकच चिमूट खाणं घातलं. तो आणखी मागत राहिला. ती पाठ फिरवून बसली.

जांभळीनं मात्र घाई केली नाही. बरेच दिवस ती मिटलेलीच राहिली. मग एका दुपारी मैथिली अभ्यास करत होती आणि कुर्ली एकदम म्हणाली, "हालचाल." फांदीच्या मधल्या भागात काही बारीक हात बाहेर आले होते. दुसऱ्या दिवशी आणखी. फिकं पडलेलं टोक तेवढं पांढरंच राहिलं. तिथले जीव गेले होते.

आबाजी परत आले ते दारातूनच सरळ टाकीपाशी गेले. त्यांनी कुर्लीला नवीन पट्टी बसवली. "पाचही वाचनं बरोबर," कुर्ली म्हणाली. मग त्यांनी चष्मा वर करून जांभळीचं ते मेलेलं टोक पाहिलं. मैथिली बाजूला उभी होती.

"समुद्रातल्याही सगळ्या फांद्यांना असे डाग असतात," ते म्हणाले. "जिवंत भाग हळूहळू यावर वाढत येईल. वाढतोय बघ, इथे कडेला." आणि त्यांनी तिचा हात धरून बोट काचेवर त्या जागी टेकवलं. कडेला खरंच एक जांभळी रेघ पुढे सरकत होती.

काही आठवड्यांनी जांभळी चांगली फोफावली, तेव्हा आबाजींनी कात्रीनं तिची एक निरोगी, बोटाएवढी फांदी कापली. प्रवाळ सांभाळायला देणाऱ्यांची परवानगी त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. मैथिलीनं ती खाऱ्या पाण्याच्या डब्यात घेतली आणि दोघं तायडेकाकूंकडे गेले. सोबतच्या पिशवीत, ओल्या टॉवेलात, काकूंचे दगड होते.

"दगड कायले आणले?" काकूंनी विचारलं. "विरजण कोणी परत करते का?" मग त्यांनी डब्यातली फांदी पाहिली आणि त्या मागे सरकल्या. "नाही जी, खंडारे साहेब. पुन्हा माह्या हातून मेलं तर?"

आबाजी काही बोलणार तोच मैथिली म्हणाली, "तुम्ही बाहेरगावी गेलात की मी येईन ना मोजायला. पाचही मोजेन. आणि माझ्याकडे काही बिघडलं की तुम्ही या."

काकूंनी हात धुतले, टाकीत साबण जायला नको म्हणून नुसत्या पाण्यानं, आणि फांदी स्वतःच जाळीवर ठेवली. निळा मासा येऊन तिच्याभोवती एक फेरी मारून गेला.

"पावसाळा सरला की जांभळी आपल्या समुद्रात जाईल," आबाजी म्हणाले. "यंदा हजारो घरांतून फांद्या जाताहेत. जालना, नांदेड, पार बिकानेरहूनसुद्धा. मी जागा पाहून आलोय. आधीच्या वर्षांत जिथे फांद्या लावल्या होत्या, तिथे आता मासे राहायला आलेत. पुढच्या वर्षी ही छोटीही जाईल. मैथिली येणार आहे यंदा बोटीवर. काकू, तुम्हीही चला."

"मी तर समुद्र पाह्यलाही नाही अजून." काकूंची नजर टाकीवरून हलत नव्हती. "आणि बोट लागते म्हणतात."

"मग आवळासुपारीचा डबा मी घेते," मैथिली म्हणाली, आणि दिव्याचा उजेड छोट्या फांदीवर नीट पडतोय का ते बघायला खाली वाकली.